पडदा व इंकजेट मुद्रण यांतील रंगजुळणी

संगणकाच्या पडद्यावर दिसणारे छायाचित्र आणि घरगुती इंकजेट प्रिंटरवर काढलेली त्याची कागदी प्रत ही दोन्ही पाहणाऱ्याला शक्य तितकी सारखी दिसावीत, यासाठी केल्या जाणाऱ्या प्रक्रियेला पडदा व मुद्रण यांतील रंगजुळणी असे म्हणतात. हा रंग व्यवस्थापन या व्यापक विषयाचा एक भाग आहे. पडद्याचे अंशांकन, रंगप्रोफाइलांचा वापर, शाई व कागद यांची निवड, छपाईच्या आज्ञावलीतील योग्य पर्याय आणि प्रत पाहताना असलेला प्रकाश या पाच बाबींवर ही जुळणी अवलंबून असते. यांपैकी एकही बाब दुर्लक्षित राहिली, तर उरलेल्या चार बाबींवर घेतलेले परिश्रम बहुतांशी वाया जातात.

पडदा स्वतः प्रकाश उत्सर्जित करतो, तर कागद त्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग परावर्तित करतो. या मूलभूत भेदामुळे दोहोंमध्ये पूर्ण एकरूपता साधणे शक्य नसते. म्हणून रंगजुळणीचे व्यवहार्य उद्दिष्ट ‘तंतोतंत समानता’ हे नसून ‘आधीच सांगता येईल आणि पुन्हा पुन्हा मिळेल असे साम्य’ हे असते.

इतिहास

तीन मूळ रंगांच्या साहाय्याने रंगीत चित्र पुन्हा निर्माण करता येते, हे जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये प्रात्यक्षिकाने दाखवले. माणसाच्या डोळ्याला दिसणारा रंग आकड्यांत मांडण्याची सर्वमान्य पद्धत मात्र १९३१ मध्ये आली. विल्यम डेव्हिड राइट व जॉन गिल्ड यांच्या प्रयोगांवर आधारित अशी ही पद्धत आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने (सीआयई) स्वीकारली. याच आयोगाने १९७६ मध्ये ‘सीआयई-लॅब’ हा रंगावकाश मांडला. त्यात उजळपणा, हिरवा-लाल अक्ष आणि निळा-पिवळा अक्ष अशा तीन आकड्यांनी रंग दर्शवला जातो. दोन रंगांतील अंतर ‘डेल्टा-ई’ या राशीने व्यक्त केले जाते.

इंकजेट तंत्राचा विकास १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेगाने झाला. जपानच्या कॅनन कंपनीतील इचिरो एंडो यांना १९७७ मध्ये शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला तापलेली डाखणी लागल्यावर शाईचा थेंब उडताना दिसला आणि त्यातून उष्णतेवर चालणाऱ्या इंकजेटची कल्पना पुढे आली. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने अशाच तत्त्वावर स्वतंत्रपणे काम करून १९८४ मध्ये ‘थिंकजेट’ हा प्रिंटर बाजारात आणला. एप्सन कंपनीने उष्णतेऐवजी दाबविद्युत स्फटिकाच्या हालचालीने थेंब फेकण्याचे तंत्र विकसित केले. १९९४ मध्ये तिने आणलेल्या ‘स्टायलस कलर’ या प्रिंटरमुळे इंचाला ७२० ठिपक्यांची रंगीत छपाई घरगुती ग्राहकाच्या आवाक्यात आली.

याच काळात निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांना परस्परांचे रंग समजण्यासाठी समान भाषेची गरज भासू लागली. अडोबी, ॲगफा, ॲपल, कोडॅक व मायक्रोसॉफ्ट यांच्यासह आठ कंपन्यांनी १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय रंग संघाची (आयसीसी) स्थापना केली. या संघाने ठरवलेल्या नमुन्यातील रंगप्रोफाइल आज बहुतेक सर्व संगणकप्रणालींत वापरली जाते. १९९६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनी ‘एस-आरजीबी’ हा रंगावकाश मांडला आणि १९९९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. छपाईत मिळू शकणारे अधिक गडद हिरवे व निळसर रंग सामावून घेणारा ‘अडोबी आरजीबी’ हा रंगावकाश १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

फरक पडण्याची कारणे

संकलनी व व्यवकलनी मिश्रण

पडद्यावर तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांचा प्रकाश एकमेकांत मिसळतो. तिन्ही पूर्ण तेजाने पेटले की पांढरा रंग दिसतो आणि तिन्ही विझले की काळा. याला संकलनी म्हणजे बेरजेचे मिश्रण म्हणतात. कागदावरील शाई याउलट काम करते. पांढऱ्या प्रकाशातून सायन शाई तांबडा, मॅजेंटा शाई हिरवा आणि पिवळी शाई निळा प्रकाश शोषून घेते आणि उरलेला प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो. याला व्यवकलनी म्हणजे वजाबाकीचे मिश्रण म्हणतात. तिन्ही शाया एकत्र आल्यास शुद्ध काळ्याऐवजी मळकट तपकिरी छटा उमटते, म्हणून काळी शाई वेगळी द्यावी लागते.

रंगव्याप्ती

एखादे उपकरण जेवढे रंग दाखवू किंवा छापू शकते, त्या सर्वांच्या समूहाला त्या उपकरणाची रंगव्याप्ती म्हणतात. पडद्याची व प्रिंटरची रंगव्याप्ती एकमेकींना पूर्णपणे झाकत नाहीत. पडद्यावरील शुद्ध निळा किंवा झगझगीत पोपटी रंग कोणत्याही नेहमीच्या शाईने कागदावर उतरत नाही. उलटपक्षी सायन शाईच्या काही गडद छटा एस-आरजीबी पडद्यावर दिसू शकत नाहीत.

निसर्गातील व वापरातील बहुतेक वस्तूंचे रंग परावर्तित प्रकाशाचे असल्याने ते शाईच्या आवाक्यात असण्याची शक्यता अधिक असते. प्रत्यक्ष पृष्ठभागांच्या रंगांची एकूण व्याप्ती मायकेल पॉइंटर यांनी १९८० मध्ये मोजमापांच्या आधारे मांडली होती. दिव्यांचे रंग मात्र या व्याप्तीबाहेर जातात. गणेशोत्सवातील मंडपाच्या निळ्या-जांभळ्या एलईडी रोषणाईचे छायाचित्र पडद्यावर उठून दिसते, परंतु कागदावर तेच निळे दिवे निस्तेज किंवा जांभळट उमटतात, याचे कारण हेच आहे. त्याच छायाचित्रातील फुलांच्या माळा व माणसांचे चेहरे मात्र बरेचसे जुळून येतात.

तेजस्विता आणि काळ्याची खोली

पडद्याची तेजस्विता कँडेला प्रति चौरस मीटर या एककात मोजतात. अनेक पडदे कारखान्यातून येताना २५० किंवा त्याहून अधिक तेजस्वितेवर लावलेले असतात. कागदाची तेजस्विता त्यावर पडणाऱ्या प्रकाशावरून काढता येते. प्रकाशाचे लक्समधील मूल्य कागदाच्या परावर्तन-गुणांकाने गुणून π (३.१४) ने भागले की कोऱ्या कागदाची तेजस्विता मिळते. कागद ९० टक्के प्रकाश परावर्तित करतो असे धरल्यास पुढील आकडे येतात :

१५० लक्स (संध्याकाळी दिव्याखालची साधारण खोली) : सुमारे ४३ कँडेला प्रति चौरस मीटर
५०० लक्स (चांगला उजेड असलेले कामाचे टेबल) : सुमारे १४३ कँडेला प्रति चौरस मीटर
२००० लक्स (मुद्रण-परीक्षणाची प्रकाशपेटी) : सुमारे ५७३ कँडेला प्रति चौरस मीटर

म्हणजे २५० कँडेलाच्या पडद्यावर छायाचित्र सुधारून १५० लक्सच्या खोलीत प्रत पाहिल्यास कागदाचा पांढरा भाग पडद्याच्या पांढऱ्या भागापेक्षा जवळजवळ सहापट मंद असतो. ‘छापील प्रत फार काळपट येते’ ही घरगुती छपाईविषयीची सर्वांत नेहमीची तक्रार बहुधा या विषमतेतून निर्माण होते. अशा वेळी दोष प्रिंटरचा किंवा शाईचा नसतो. पडदा अतिशय उजळ असल्याने चित्र संपादित करणाऱ्याने ते नकळत गडद करून ठेवलेले असते.

काळ्या रंगाची खोलीही दोहोंत वेगळी असते. प्रकाशीय घनता २.० असलेला काळा रंग १ टक्का प्रकाश परत पाठवतो, तर १.६ घनतेचा काळा सुमारे २.५ टक्के. चांगल्या चकचकीत कागदावर घनता २.० च्या पुढे जाते. अचकचकीत म्हणजे मॅट कागदावर ती साधारण १.६ च्या आसपास राहते. त्यामुळे पांढऱ्या व काळ्यातील गुणोत्तर मॅट कागदावर साधारण ३५ ते ४० पट एवढेच उरते, तर सामान्य एलसीडी पडद्यावर ते १००० पटीच्या घरात असते. पडद्यावरील सावल्यांमधील बारकावे या अरुंद पट्ट्यात बसवताना एकमेकांत मिसळून जातात. सावळ्या व गडद वर्णाच्या चेहऱ्यांच्या छटा या पट्ट्याच्या खालच्या भागाजवळ असल्याने काळपट छपाईत सर्वप्रथम त्यांचेच बारकावे हरवतात. समूह-छायाचित्रात गोऱ्या चेहऱ्यांवरून प्रत ‘ठीक’ ठरवली जाण्याचा धोका त्यामुळे संभवतो.

डोळ्याचे अनुकूलन

माणसाचा डोळा भोवतालच्या प्रकाशाशी जुळवून घेतो. पिवळसर बल्बाखाली असो वा दुपारच्या उन्हात, कोरा कागद पांढराच वाटतो. पडद्याचा श्वेतबिंदू बहुधा ६५०० केल्विनच्या जवळ असतो, तर मुद्रण-परीक्षणाचा मानक प्रकाश डी५० म्हणजे सुमारे ५००० केल्विनचा असतो. पडदा व प्रत शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यास डोळा दोहोंशी एकाच वेळी पूर्ण अनुकूल होऊ शकत नाही. परिणामी पडदा निळसर किंवा कागद पिवळसर भासतो.

रंग व्यवस्थापनाची रचना

छायाचित्राच्या संचिकेत प्रत्येक बिंदूसाठी तांबडा, हिरवा व निळा यांचे तीन आकडे असतात. हे आकडे स्वतः रंग सांगत नाहीत. एखाद्या पदार्थाच्या कृतीत ‘दोन वाट्या’ लिहिले असले, तरी वाटी केवढी हे ठाऊक असल्याशिवाय माप कळत नाही, तसेच हे आहे. रंगप्रोफाइल ही त्या वाटीचे माप सांगणारी संचिका होय. तीत उपकरणाचे आकडे व सीआयईच्या पद्धतीने मोजलेले प्रत्यक्ष रंग यांचा संबंध दिलेला असतो.

पूर्ण साखळीत तीन प्रोफाइल असतात : छायाचित्राची (उदाहरणार्थ एस-आरजीबी), पडद्याची आणि प्रिंटर-शाई-कागद या संयोगाची. संगणकातील रंग व्यवस्थापन प्रणाली छायाचित्राचे आकडे आधी उपकरणनिरपेक्ष रंगांत आणि तेथून पडद्याच्या किंवा प्रिंटरच्या आकड्यांत रूपांतरित करते. संचिकेत प्रोफाइल जोडलेली नसेल, तर आज्ञावलीला अंदाज करावा लागतो. अडोबी आरजीबीतील छायाचित्र एस-आरजीबी समजून दाखवले गेल्यास ते फिकट व उदास दिसते, तर उलट चूक झाल्यास रंग भडक होतात.

रूपांतराचे हेतू

प्रिंटरच्या व्याप्तीबाहेरील रंगांचे काय करायचे, हे रूपांतराच्या हेतूवरून ठरते. आयसीसीच्या पद्धतीत असे चार हेतू आहेत :

दृक्‌संवेदी : सर्व रंग प्रमाणात आत ओढले जातात. रंगांमधील परस्परसंबंध टिकतो, परंतु छापता येण्याजोगे रंगही थोडे बदलतात.
सापेक्ष रंगमापी : व्याप्तीतील रंग जसेच्या तसे राहतात आणि बाहेरचे रंग जवळच्या छापण्यायोग्य रंगावर आणले जातात. पडद्याचा पांढरा कागदाच्या पांढऱ्याशी जुळवला जातो.
निरपेक्ष रंगमापी : पांढऱ्या रंगाचीही तंतोतंत नक्कल केली जाते. मुख्यतः एका छपाईची दुसऱ्या यंत्रावर पडताळणी करण्यासाठी याचा उपयोग होतो.
संपृक्तता : रंगांचा भडकपणा टिकवण्यावर भर असतो. आलेख व तक्त्यांसाठी हा हेतू उपयुक्त असून छायाचित्रांसाठी सहसा वापरत नाहीत.

छायाचित्रांसाठी पहिल्या दोहोंपैकी एक निवडला जातो. सापेक्ष रंगमापी हेतूसोबत ‘कृष्णबिंदू भरपाई’ हा पर्याय चालू ठेवल्यास चित्रातील सर्वांत गडद भाग कागदावरील सर्वांत गडद काळ्याशी जुळवला जातो आणि सावल्या एकदम बुजत नाहीत.

पडद्याचे अंशांकन

अंशांकन म्हणजे पडदा ठरावीक व ज्ञात स्थितीत आणणे, आणि प्रोफाइल बनवणे म्हणजे त्या स्थितीतील पडद्याचे वर्तन मोजून नोंदवणे. या दोन वेगळ्या क्रिया असल्या, तरी त्या एकाच बैठकीत केल्या जातात. यासाठी पडद्यावर टेकवायचे रंगमापक उपकरण लागते. डोळ्याने अंदाज घेऊन केलेले अंशांकन डोळ्याच्या अनुकूलनामुळे भरवशाचे ठरत नाही. ‘आर्गिल सीएमएस’ व ‘डिस्प्लेकॅल’ या मुक्त आज्ञावल्या अनेक कंपन्यांच्या मापक उपकरणांबरोबर वापरता येतात.

घरगुती छपाईसाठी सामान्यतः पुढील लक्ष्ये ठेवली जातात :

तेजस्विता : ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर
श्वेतबिंदू : डी६५ (सुमारे ६५०० केल्विन), किंवा प्रत पाहण्याच्या प्रकाशानुसार त्याहून कमी
गॅमा : २.२

मोजणीपूर्वी पडदा सुमारे अर्धा तास चालू ठेवतात, म्हणजे त्याची तेजस्विता स्थिरावते. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय, भोवतालच्या उजेडानुसार आपोआप बदलणारी तेजस्विता आणि ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ नावाचे चित्रप्रकार बंद ठेवणे आवश्यक असते. मोबाइलच्या पडद्यांवर या सोयी सहसा सुरू असतात, त्यामुळे मोबाइलवर पाहिलेले छायाचित्र जुळणीसाठी आधार म्हणून घेणे योग्य नसते. पडद्याचे गुणधर्म काळानुसार बदलत असल्याने अंशांकन ठरावीक अवधीने पुन्हा केले जाते.

मापक उपकरण उपलब्ध नसल्यास निदान तेजस्विता कमी करता येते. प्रत नेहमीच्या जागी, नेहमीच्या उजेडात धरावी, पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे आणि पडद्याचा पांढरेपणा कागदाच्या पांढरेपणाइतका मंद होईपर्यंत तेजस्विता उतरवावी. या साध्या उपायाने रंगछटा जुळत नसल्या, तरी काळपटपणाची तक्रार मोठ्या प्रमाणात दूर होते.

शाई व कागद

शाईचे प्रकार

इंकजेट शाई दोन प्रकारची असते. रंजकद्रव्य विरघळलेली शाई (डाय) चकचकीत कागदावर तेजस्वी रंग देते, मात्र ती प्रकाश व हवेतील ओझोन यांमुळे तुलनेने लवकर फिकी पडते. सूक्ष्म कणांची शाई (पिगमेंट) अधिक टिकाऊ असते, पण चकचकीत कागदावर कोनानुसार तांब्यासारखी झाक दिसण्याचा दोष तीत संभवतो.

टाकीत शाई भरण्याचे अनेक चाररंगी घरगुती प्रिंटर काळ्यासाठी पिगमेंट आणि बाकी तीन रंगांसाठी डाय वापरतात. पिगमेंटची काळी शाई साध्या कागदावरील मजकुरासाठी योजलेली असून ती चकचकीत कागदात नीट मुरत नाही. त्यामुळे छायाचित्र-कागद निवडल्यावर असे प्रिंटर तीन रंगांच्या मिश्रणातून काळा तयार करतात. तो काळा कमी खोल असतो आणि त्यावर किंचित रंगछटेची झाक राहू शकते. छायाचित्रांसाठी बनवलेल्या सहा किंवा अधिक शायांच्या प्रिंटरांत फिकट सायन, फिकट मॅजेंटा किंवा करड्या शाया दिलेल्या असतात. त्यामुळे त्वचा, आकाश यांसारख्या फिकट छटा ठिपके न दिसता उमटतात.

प्रोफाइल ही विशिष्ट प्रिंटर, शाई व कागद या त्रिकुटाचीच असते. स्वस्त पर्यायी शाई भरली की कंपनीने दिलेली प्रोफाइल निरुपयोगी होते. शाई वाईट असतेच असे नाही, परंतु तिचे वर्तन प्रोफाइलला ठाऊक नसते. अशी शाई वापरायची असल्यास तिच्यासाठी स्वतंत्र प्रोफाइल बनवावी लागते. त्यासाठी शेकडो रंगचौकटींचा तक्ता कोणतीही रंगदुरुस्ती न करता छापतात, तो वाळू देतात आणि वर्णपटमापकाने मोजतात.

कागद

कागदाचा पांढरेपणा हा प्रतीतील सर्वांत उजळ रंग असल्याने तो संपूर्ण चित्रावर परिणाम करतो. अनेक कागदांत प्रकाशीय शुभ्रक मिसळलेले असतात. ते अतिनील प्रकाश शोषून अनुस्फुरणाने निळसर प्रकाश देतात, त्यामुळे कागद अधिक शुभ्र भासतो. अतिनील किरण जवळजवळ नसलेल्या एलईडी प्रकाशात किंवा अतिनील किरण रोखणाऱ्या काचेच्या चौकटीत हाच कागद पिवळट दिसतो. सूतकागदाच्या अनेक कलात्मक प्रकारांत शुभ्रक नसतात, म्हणून त्यांची छटा मूळचीच उबदार असली तरी ती स्थिर राहते.

हानेम्यूले, कॅन्सन, इलफर्ड यांसारख्या कागद कंपन्या आपल्या कागदांसाठी प्रिंटरच्या प्रारूपानुसार तयार प्रोफाइल विनामूल्य देतात. त्यांसोबत छपाईच्या वेळी कोणता कागदप्रकार निवडायचा, हेही सांगितलेले असते. कागदप्रकाराच्या निवडीवरून प्रिंटर किती शाई सोडायची हे ठरवतो, म्हणून चुकीचा प्रकार निवडल्यास अचूक प्रोफाइलही निष्फळ ठरते.

वाळण्याचा काळ

प्रिंटरमधून बाहेर आलेल्या प्रतीचे रंग लगेच स्थिर झालेले नसतात. पाणी व इतर द्रावके उडून जाईपर्यंत छटांमध्ये सूक्ष्म बदल होत राहतात. म्हणून अंतिम निर्णय काही तासांनी आणि प्रोफाइलसाठीचे मोजमाप शक्यतो एक दिवसाने केले जाते. कोकण व गोव्यासारख्या किनारी प्रदेशात, विशेषतः पावसाळ्यात, हवेतील आर्द्रतेमुळे वाळण्यास अधिक वेळ लागतो आणि उघडा ठेवलेला कागद दमट होऊन वाकतो. उरलेला कागद त्याच्या मूळ वेष्टनात बंद ठेवणे त्यामुळे इष्ट असते.

छपाईची कार्यपद्धती

१. नोझल तपासणीचा नमुना छापून सर्व रंगांच्या रेषा अखंड असल्याची खात्री केली जाते. एका रंगाची अर्धवट तुंबलेली नोझलही संपूर्ण चित्रावर विजातीय छटा आणते.
२. छायाचित्र त्याच्या जोडलेल्या प्रोफाइलसह, रंग व्यवस्थापन पाळणाऱ्या आज्ञावलीत उघडले जाते.
३. छायाचित्र आरजीबी स्वरूपातच ठेवले जाते. घरगुती इंकजेटचे चालक सॉफ्टवेअर आरजीबी आकडेच स्वीकारते आणि शायांमध्ये विभागणी स्वतः करते. ‘प्रिंटरमध्ये चार शाया आहेत’ म्हणून आधीच सीएमवायके रूपांतर केल्यास रंगांची हानी होते आणि लाभ काहीच होत नाही.
४. छपाईच्या खिडकीत ‘रंग व्यवस्थापन आज्ञावलीकडे’ हा पर्याय, कागदाची प्रोफाइल आणि रूपांतराचा हेतू निवडला जातो.
५. प्रिंटरच्या चालक सॉफ्टवेअरमध्ये योग्य कागदप्रकार व गुणवत्ता निवडून तेथील रंगदुरुस्ती पूर्णपणे बंद केली जाते.
६. पूर्ण आकाराच्या प्रतीआधी चित्राचा लहान तुकडा किंवा छोटी प्रत छापून पाहिली जाते.
७. वापरलेले सर्व पर्याय प्रतीच्या मागे किंवा वहीत नोंदवले जातात. पुढील बदल एका वेळी एकच केला जातो, अन्यथा कोणत्या बदलाचा कोणता परिणाम झाला हे कळत नाही.

दुहेरी रंग व्यवस्थापन

चौथ्या व पाचव्या पायऱ्यांतील विसंगती हे घरगुती छपाईतील चुकांचे एक प्रमुख कारण आहे. आज्ञावलीने प्रोफाइलनुसार रंग बदलले आणि त्यानंतर चालक सॉफ्टवेअरनेही आपली दुरुस्ती केली, तर रंग दोनदा बदलले जातात. अशा प्रतीत बहुधा तांबूस किंवा मॅजेंटाची ठळक झाक येते. दोन्ही ठिकाणी व्यवस्थापन बंद राहिल्यास याउलट रंग अनियंत्रित राहतात. जबाबदारी दोहोंपैकी नेमक्या एकाकडेच असावी, हा यातील मूळ नियम होय. प्रोफाइल उपलब्ध नसल्यास ती चालक सॉफ्टवेअरकडे सोपवून आज्ञावलीतील व्यवस्थापन बंद ठेवणे हा ग्राह्य पर्याय आहे.

पडद्यावरील पूर्वपडताळणी

कागदावर चित्र कसे उमटेल याची नक्कल पडद्यावरच पाहण्याच्या सोयीला सॉफ्ट प्रूफिंग म्हणतात. फोटोशॉप, लाइटरूम, गिंप, क्रिता, डार्कटेबल इत्यादी आज्ञावल्यांत ती उपलब्ध आहे. कागदाची प्रोफाइल व रूपांतराचा हेतू निवडला की व्याप्तीबाहेरील रंग वेगळे उठवून दाखवता येतात. ‘कागदाच्या रंगाची नक्कल’ हा पर्याय चालू केल्यावर चित्र एकदम मळकट झाल्यासारखे वाटते. हा दोष नसून कागदाच्या मर्यादित विरोधाचे ते यथार्थ दर्शन असते. आज्ञावलीच्या खिडकीतील इतर शुभ्र भाग झाकले, तर डोळा या नव्या पांढऱ्याशी जुळवून घेतो आणि तुलना अधिक न्याय्य होते.

या सोयीचा मुख्य उपयोग असा की, हरवणारे रंग छपाईपूर्वीच कळतात. मूळ संचिकेस हात न लावता केवळ छपाईसाठीची प्रत तयार करून तीत सावल्या थोड्या उजळवणे किंवा व्याप्तीबाहेरील निळ्याची संपृक्तता हलकेच उतरवणे शक्य होते. यामुळे शाई व कागदाचा अपव्ययही टळतो.

प्रत पाहण्याचा प्रकाश

मुद्रित प्रतींच्या परीक्षणासाठी ‘आयएसओ ३६६४’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात डी५० प्रकाश, काटेकोर तुलनेसाठी २००० लक्स आणि सर्वसाधारण मूल्यमापनासाठी ५०० लक्स असे प्रमाण दिले आहे. घरी अशी प्रकाशपेटी असणे दुर्मीळ असते. रंगदर्शन निर्देशांक ९० किंवा त्याहून अधिक असलेला ४००० ते ५००० केल्विनचा एलईडी दिवा, किंवा थेट ऊन येत नसलेल्या खिडकीतील दिवसाचा उजेड हे त्यास व्यवहार्य पर्याय आहेत.

प्रकाश बदलला की एकमेकांशी जुळणारे दोन रंग वेगळे दिसू लागणे याला मेटामेरिझम म्हणतात. शाईचे व मूळ वस्तूचे परावर्तन-वर्णपट वेगळे असल्याने असे घडते. करड्या छटांच्या कृष्णधवल प्रतींत हा परिणाम विशेष जाणवतो : दिवसा तटस्थ दिसणारी प्रत पिवळ्या दिव्याखाली गुलाबी किंवा हिरवट भासू शकते. ज्या भिंतीवर प्रत टांगायची असेल, तेथील प्रकाशातच तिची अंतिम पारख करावी असा संकेत यातूनच आला आहे.

नेहमीचे दोष व त्यांची संभाव्य कारणे

प्रत काळपट, पण रंगछटा बरोबर : पडदा अतिउजळ किंवा खोलीत उजेड कमी.
संपूर्ण प्रतीवर तांबूस किंवा मॅजेंटाची झाक : दुहेरी रंग व्यवस्थापन.
एकाच रंगाचा अभाव, आडवे पट्टे : तुंबलेली नोझल किंवा संपत आलेली शाई.
रंग फिकट व उदास : प्रोफाइल हरवलेली संचिका, चुकीचा कागदप्रकार किंवा कागदाची उलटी बाजू.
गडद भागात शाईची डबकी, धूसर कडा : साध्या कागदासाठीचे पर्याय चकचकीत कागदावर वापरणे, किंवा उलट.
केवळ निळे-जांभळे रंग चुकीचे : रंगव्याप्तीची मर्यादा.
काल जुळलेली प्रत आज वेगळी : ओली प्रत पारखणे, प्रकाशातील बदल किंवा शाई बदलणे.

मर्यादा

सर्व टप्पे काटेकोरपणे पार पाडले, तरी परावर्तित प्रकाशावर दिसणारी प्रत उत्सर्जित प्रकाशाच्या चित्रासारखी झळाळत नाही. अनुभवी मुद्रणतज्ज्ञ म्हणूनच पडदा व प्रत यांची तुलना करताना त्वचेच्या छटा, करड्या भागांची तटस्थता आणि सावल्यांमधील बारकावे या तीन गोष्टींवर प्रथम लक्ष देतात. आकाश किंवा पानांचा रंग थोडा बदलला तरी तो चालून जातो, मात्र ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यावरील किंचित हिरवट झाकही पाहणाऱ्याला तत्काळ खटकते.

दुसरी मर्यादा काळाची आहे. पडद्यावरील संचिकेचे आकडे बदलत नाहीत, परंतु प्रत हळूहळू फिकी होते आणि सर्व शाया सारख्या वेगाने फिक्या पडत नसल्याने रंगांचा तोलही ढळतो. कुटुंबातील जुन्या छायाचित्रांच्या दुरुस्त केलेल्या प्रतींसारख्या दीर्घकाळ जपायच्या मुद्रणांसाठी पिगमेंट शाई, आम्लरहित कागद, काचेची चौकट आणि थेट उन्हापासून संरक्षण यांची शिफारस केली जाते. मूळ संचिका प्रोफाइलसह जतन करून ठेवल्यास प्रत फिकी पडल्यानंतर तीच छटा पुन्हा छापता येते. रंगजुळणीच्या प्रक्रियेची नोंद ठेवण्याचे महत्त्व त्या वेळी सर्वाधिक जाणवते.

हे सुद्धा पहा

रंगावकाश
सीआयई १९३१ रंगावकाश
इंकजेट प्रिंटर
डिजिटल छायाचित्रण
मेटामेरिझम